पासंग

इतवारीत सत्तावीस वर्षं मी तराजू तपासले.
किराणा ओळ, भांडे ओळ,
सराफ्यातले काचेच्या पेटीतले नाजूक काटे.
रिकामा तराजू दोरीने उचलायचा, श्वास रोखायचा,
काट्याकडे पाहायचं.
जन्मतः सरळ एकही नसतो.
हलक्या पारड्याखाली दुकानदार काहीतरी बांधतो,
खडा, चिंचोका, लाखेचा गोळा.
तो पासंग. त्याला कुणी चोरी म्हणत नाही.

चोर पासंग वेगळा.
तो पारड्याच्या पोटाला आतून चिकटतो,
नखाने खरवडला तरच निघतो.
मी खरवडायचो.

धनराज शेठकडे असा एक निघाला.
"जाऊ द्या ना जी साहेब, लेकरंबाळं तुमालेही असतीन,"
शेठ हसले, आणि पोऱ्याने शटर अर्धं खाली ओढलं.
लेकरंबाळं मला नव्हती.
पाय लटपटत होते. पंचनाम्यात
'तराजू'तला 'जू' ओळीखाली घसरला.
पण लिहिला.
त्या रात्री कूलरचा पंप जळाला,
आणि तरी मी घोरत होतो, असं आई सांगायची.

त्याच उन्हाळ्यात, फुटाळ्याच्या भिंतीवर
विशाखा रामटेके म्हणाली,
"बदली झाली माझी. भोपाळ. येता का?"
इतकंच.
बर्फाच्या गोळ्याचा लाल पाक
तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत आला होता,
तिने पुसला नाही.

मी म्हणालो, आई एकटी आहे.
मी म्हणालो, मनाला पटत नाही.
मी 'सदसद्विवेकबुद्धी' हा शब्दसुद्धा वापरला,
वितळत्या गोळ्यासमोर.
"बरं," ती म्हणाली, आणि लुना सुरू केली.
त्या रात्री कूलर ठणठणीत होता,
वाळ्याचा वास घरभर,
आणि मी छताचे वासे मोजत होतो.

पुढे कधीतरी मेथी निवडता निवडता आई म्हणाली,
"रामटेक्याची पोरगी चांगली होती.
काऊन नाही म्हणलं रे तू?"

साऱ्या इतवारीची पारडी उलटी करून पाहिली मी,
माझं तेवढं राहिलं.
त्याच्या पोटाला गल्ली चिकटली होती,
काकांचं वाकडं तोंड,
पत्रिकेवर शेजारी शेजारी न शोभणारी दोन आडनावं.
शिशासारखी जड.
ते सगळं वजन मी विवेकाच्या खात्यावर लावत गेलो,
आणि गिऱ्हाईकही मीच.

तरी आता सगळंच भीतीवर ढकलायचं, तर तेही खोटं माप.
आईला रात्री खरंच दम लागायचा,
मी उशी उभी करून द्यायचो.
किती ग्रॅम आई, किती ग्रॅम गल्ली,
याचं प्रमाणित वजन आमच्या कचेरीत नव्हतं.
आणि शेठच्या दुकानातही भीती होतीच की,
शटरएवढी.
तिथे ती पारड्यात उघडी बसली होती, एवढाच फरक.

मे महिना, दुपारचे तीन, रस्त्यावर चिटपाखरू नाही.
ट्रंकेतून जुना हाततराजू काढला,
पारडं उलटं केलं,
लाखेचा गोळा नखाने सुटा केला.
पलीकडचं पारडं खाली गेलं.

शेजारची मिहिका दारातून पाहत होती.
"आबा, दोन्हीत काहीच नाही न?
मग हे काऊन खाली?"

दोरी धरून तसाच बसलो. हात कापत होता,
वयाने की कशाने, कोण जाणे.
संध्याकाळी ऊन उतरलं की स्टेशनवर जाऊन
भोपाळच्या गाडीची वेळ विचारीन म्हणतो.
नुसती विचारीन.