कोल्ह्याची साखर

ड्राय क्रीकच्या खोऱ्यात, डांबर संपून माती लागते तिथे
लिओनिल्दा मार्किओरीची सव्वातीन एकर बाग.
वेली तारेवर नाहीत. एकेक आपापली उभी,
कमरेएवढी, गाठाळ,
कुणी कुणाला टेकलेली नाही.
मी तासगावची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं,
हिचा मांडव रातोरात कुणी चोरून नेला की काय.

आजोबांनी लावल्या, म्हणाली, एकोणीसशे अकरात.
दारूबंदीच्या वर्षांत हीच द्राक्षं
लाकडी पेट्यांतून आगगाडीनं शिकागोला जायची.
कायदा माडीवर, पिंप तळघरात.

बहुतेक झिनफांडेल, मधूनच कारिन्यान,
आणि सातव्या ओळीत एक वेल, जिचं नाव
विद्यापीठालाही सांगता आलं नाही.
घरात तिला पाहुणी म्हणतात.
शंभर वर्षं मुक्काम ठोकलेली पाहुणी.

माझं काम सांता रोझाच्या प्रयोगशाळेत:
कुप्यांवर चिठ्ठ्या डकवणं, आम्ल मोजणं, साखर मोजणं,
आणि त्या वर्षी, धूर.

त्या वर्षी ऑगस्टात पलीकडचा डोंगर पेटला.
वेलींना आच लागली नाही.
फक्त अकरा दिवस सूर्य जुन्या तांब्याच्या पैशासारखा
आणि पानांवर राख,
चाळणीतून पडावी इतकी बारीक.

"तुझं यंत्र राहू दे," लिओनिल्दा म्हणाली,
"माझा कायोटी बघ."
मी मनात कोल्हा म्हटलं, तेवढा फरक चालतो.
साखर चोवीस ब्रिक्सवर गेली की तो येतो.
तेविसाला फिरकत नाही.
खालचे घड हुंगून, नेमका पिकलेला निवडतो.
मला आपली म्हण आठवली, आणि ओशाळायला झालं.
किती पिढ्या त्या बिचाऱ्याची बदनामी केली आपण.
तो आंबट म्हणाला, तर असतीलही आंबट.

सतरा सप्टेंबरला एल्युतेरिओला
पाहुणीच्या बुंध्याशी विष्ठा सापडली,
बिया आणि सालींनी भरलेली, जांभळी, ताजी.
त्यानं टोपी काढून हवेत हलवली
आणि वरच्या ओसरीत बायकांनी टाळ्या वाजवल्या.
विष्ठेला टाळ्या पडलेल्या मी एवढ्या एकदाच ऐकल्या.

माझ्या टेबलावर तोवर आकडा आला होता.
ग्वायाकॉल. उच्चारतानाच दवाखान्याचा वास येतो.
धूर सालीत शिरतो, साखरेच्या कुशीत तोंड लपवतो.
जिभेला कळत नाही. कोल्ह्याला तर नाहीच.
पिंपात रस आंबू लागला
की हलकेच पदर सोडवून बाहेर येतो.

नियम असा: कागद पाठवायचा, बोलायचं नाही.
मी गाडी काढली.

तिनं उभ्यानंच वाचला. चष्मा नव्हता, हात लांब करून.
मग एवढंच विचारलं,
"पाहुणीचं वेगळं तपासलंस?"
नव्हतं तपासलं.
नमुन्याच्या पिशवीत सगळी एकत्र होती,
जशी बागेत असतात.

द्राक्षं घेणाऱ्या कंपनीचं पत्र दोन ओळींचं.
एल्युतेरिओनं सहा ओळी कापून जमिनीवर सोडल्या,
चार दिवस बाग मुंग्यांची आणि मैनांसारख्या काळ्या पाखरांची.
सातवी मात्र खुडली. एक पिंप भरलं, जेमतेम.
पिंपावर त्यानं खडूनं काहीतरी काढलं,
कान मोठे, शेपूट त्याहून मोठं.

मार्चमध्ये तिनं काचेच्या नळीनं ओढून
जॅमच्या रिकाम्या बरण्यांत ओतली.
आधी तुती. मग मिरी, छान मिरी.
मग घशाशी, पाणी ओतून विझवलेली चूल.
"वाईट आहे," मी म्हणाले.
"हो," म्हणाली, आणि माझी बरणी पुन्हा भरली.

मी ती तशीच ठेवून निघाले, गाडी चालवायची होती.
वळणावर दिव्यांच्या झोतात कुणी आडवं गेलं,
थांबलं, वळून पाहिलं.
मी दिवे मंद केले.
कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं,
तुझं चुकलं नव्हतं रे.
साखर चोवीसच होती.