मसुदा चौथा

निपाणीत, तंबाखूच्या जुन्या वखारीवर एक खोली आहे.
दर रविवारी तिथून आम्ही शनीच्या एका चंद्रावर जातो:
दस्तगीर, नेमगोंडा, सुगंधा आणि मी.
वीस बाजूंचा एक फासा, चार पेन्सिली,
चिरमुऱ्यांचा पुडा.
वखार बंद पडून किती वर्षं झाली, तरी फळ्यांतून जर्द्याची धूळ येते.
बर्फाच्या खाणीत उतरताना कुणीतरी शिंकतंच.

नियम मी लिहितो.
या खेपेला मला वेठबिगारी हवी होती,
पण चाबकाशिवाय. दिसायला एकदम कायदेशीर.
म्हणून: नेण्याचं भाडं कामगाराच्या नावावर,
सात वर्षांचा करार,
श्वासाला मीटर, हवा पगारातून वजा.
आजारी पडलास तर फासा टाक,
सातच्या खाली आलं की एक वर्ष पुढं.
रात्री दोनला वही मिटताना वाटलं,
काय डोकं आहे आपलं.

तीन मसुदे झाले. तिन्ही वेळा खेळाडू सुटले.
दस्तगीरनं गणित मांडलं, श्वास कमी घेतले,
पाचव्या रविवारी कर्ज फेडून यानात जाऊन बसला.
"तुझी कंपनी लई दयाळू हाय गा," म्हणाला.

सुगंधानं माझी वही ओढून घेतली.
"ह्यात छाट कुठाय?"
छाट?
तिनं चिरमुऱ्यांचा कागद झाडला, पालथा केला, लिहायला लागली.

हजार विड्या नेऊन द्यायच्या.
कारकून त्यातल्या मूठभर बाजूला काढणार,
ही ढिली, ही वाकडी, हिचं तोंड बसलं नाही.
त्या मोजायच्या नाहीत.
परतही द्यायच्या नाहीत.
पाला देताना वजनाला कमी, त्यात निम्मा फाटका,
तूट पडली तर बाजारातून आपल्या पैशानं आणायचा.
दोरा आपला. उजेड आपला.
पासबुकावर नाव एकीचं, वळणाऱ्या तिघी,
तिसरी सात वर्षांची.

(तिसरी कोण, ते आम्ही विचारलं नाही.)

"तुझ्या चंद्रावर मोजतंय कोण?"
यंत्र, मी म्हणालो.
"यंत्र काढ. माणूस ठेव. ओळखीतला.
आईला तो अक्का म्हणायचा.
छाटताना कानडी: हे ब्याड, हे ब्याड.
उचल देताना मराठी: घे की अक्का, घरचंच हाय."

त्या रविवारी खेळ झालाच नाही.
पुढच्या रविवारी कारकून सुगंधा झाली.
कधी चार वाक्यं सलग न बोलणारी ही पोरगी
पाठ ताठ करून बसली, कानाला पेन्सिल लावली,
आणि दस्तगीरच्या शंभर लाद्या बोटानं उलटत गेली.
अकरा बाजूला.
अठरा पडले होते रे मला, तो म्हणाला.
"फाशाचं काय घिऊन बसलास? ही बग, कडंला तडा गेलाय."
नेमगोंडा हसला. पुढच्या खेपेला त्याच्या तेरा गेल्या.
मग कुणी हसलं नाही.
तिच्या बोटांकडे मी बघत होतो.
ती थांबत नव्हती.

संपत आलं तेव्हा दस्तगीर उठून उभा राहिला.
"ह्या अकरा लाद्या मोजत न्हाईस म्हणजे
कंपनीच्या लेखी ह्यो बर्फच न्हवं.
बरोबर?"
बरोबर, कारकून म्हणाली.
"मग मी हितंच वितळवतो. कारकुनाच्या पायाजवळ."

मी वही चाळली.
सात वर्षं, श्वास, भाडं, आजार, छाट.
याला नियम नव्हता.
सुगंधानं कानावरची पेन्सिल काढली.
बराच वेळ ती त्या कागदाच्या पालथ्या बाजूकडे बघत राहिली,
मग हळूच म्हणाली, कारकुनाच्या आवाजात नाही,
"आईबरोबर सतरा जणी होत्या,"
आणि पुढं काही सांगितलं नाही.

फासा तिनं माझ्याकडे सरकवला.
खाली रस्त्यावर चिक्कोडीची बस मागं घेत होते,
कंडक्टर दोन्ही भाषांत ओरडत होता.
मी फासा हातात धरून बसलो होतो.
किती पडायला हवेत, हेच ठरलेलं नव्हतं.