उलटी बाजू

रात्रशाळेची भिंत, चौदा फूट बाय नऊ.
मी चित्रकलेचा मास्तर. मला वाटलं होतं,
माणसाच्या हातानं आजवर काय काय केलं
ते पोरांना एका नजरेत दिसावं,
गुहेपासून सिमेंटपर्यंत.

रंगवायला आला मल्लेशम गुंडेटी,
चादरीच्या कारखान्यात तीस वर्षं ग्राफ भरलेला.
निळीचा दोरा फटकारून
आधी त्यानं भिंतीला घरं पाडली,
मग विचारलं,
"मास्तर, इतिहास किती कार्डांचा?"

गुहेतला बैल निघाला चौकटीचौकटींचा,
शिंगांना पायऱ्या.
पिरॅमिड सोपा गेला:
एक घर कमी, एक घर कमी, संपला.
वेरूळचं देऊळ कळसापासून खाली कोरत आणलं, सांगितलं,
तर शिडीवरच थांबला.
"चुकलं तर उसवायचं कसं त्यांनी?"
त्या दिवशी पुढे रंग लावला नाही.

घुमटाशी अडला. गोल त्याच्या हातात नाही.
लांबून वाटंल की ओ गोल, म्हणाला,
चादरीवरचा मोर वाटतोच की.
आणि फाटकापासून खरंच वाटतो.
विजेचा मीटर मध्येच आला
परदेशातल्या कुठल्याशा चर्चच्या भिंतीत;
त्याचं त्यानं दार केलं.

भुईकोटाचे बुरूज मी सांगितले नव्हते,
शेजारची चिमणीही नाही,
जी आता गावात नाही.
भोंगासुद्धा काढला.
कसा, विचारू नका.
तीन घरं पांढरी सोडली.

शेवटच्या संध्याकाळी ब्रश रॉकेलात बुडवून म्हणाला,
"चला, मागून काय दिसूलालंय बघू."
भिंत आहे मल्लेशम, चादर नाही.
तोवर तो बोळाला वळलाही होता.

भिंतीमागं नरसव्वा बिर्रूचं घर.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
पान, दोरा, पान, दोरा,
हजाराचा हिशेब अजून पुरा व्हायचा होता.
भिंतीला ओल, साधारण बैलाच्या मागे.
एक खिळा, त्याला रेशनची पिशवी.
आणि बावीस वर्षं एकाच जागी डोकं टेकून
पडलेला तेलाचा डाग,
आमच्या घुमटाहून गोल.

मल्लेशम त्याच्यासमोर उकिडवा बसला,
ओठांतल्या ओठांत मोजत राहिला.
खिशातून पेन्सिल काढली,
परत ठेवली.

नरसव्वा तेलुगूत काहीतरी म्हणाली.
दोघं हसले.
पूर्व भागात माझी नोकरी सरत आली,
मला तेवढंही कळलं नाही.