मेल्याबद्दल वीस डॉलर

क्वुन टाँगमधला प्लास्टिकच्या फुलांचा बंद कारखाना,
सातवा मजला, सातवा महिना.
भुतं मोकळी सुटतात त्या महिन्यात
जागा कुणी भाड्याने घेत नाही,
म्हणून आम्हाला ती अर्ध्यात मिळाली.

मुहूर्ताला भाजलेलं डुक्कर लागतं, अख्खं.
दिग्दर्शक काम वाय-पोंग नुसतं मुंडकं घेऊन आला
आणि त्यामागे लाल कापड असं फुगवून ठेवलं
की देवांना वाटावं, उरलेलं खाली झोपलंय.
नऊ रात्रींत चित्रपट.
रंग, केस, रक्त आणि चहा: मी.

भूत होती शेक लाय-क्युन.
दिवसा नूडलच्या दुकानात वाट्या विसळायची.
वय त्रेचाळीस, पटकथेत एकोणीस.
मी तिच्या गालांवर तांदळाचं पीठ थापलं,
रक्तासाठी मधात रंग कालवला.
मधाला मुंग्या लागल्या.
जिन्यात ती तीन तास मरून पडली होती,
मुंग्या मानेवरून रांगेनं चालल्या
तरी पापणी हलली नाही.
'कट' ऐकल्यावर म्हणाली,
'डाव्या कानात एक गेलीय, बघ गं.'

आमच्याकडे रीत आहे:
पडद्यावर मेलेल्याला लाल पाकीट द्यायचं,
नाहीतर मरण अंगाला चिकटतं.
पाकिटात वीस डॉलर.
ती रोज रात्री मेली, पाकीट एकच.
काम म्हणाला, 'बाई एकदाच मरते, नंतर ती भूत.'
भांडून तिने दुसरं मिळवलं,
देव्हाऱ्यातल्या फोटोबद्दल.

तो फोटो.
काळ्या चौकटीत, उदबत्त्यांच्या मागे ठेवायचा.
त्यासाठी पीठ धुतलं, साधी पावडर लावली,
माझ्या कानातले खोटे मोती काढून
तिच्या कानात घातले.
शूटिंग संपलं की असा फोटो जाळायचा असतो.
ती म्हणाली, 'राहू दे. इतकी बरी मी कधीच आले नाही.'
कागदात गुंडाळून घेऊन गेली.
मोती मी विसरले, ती पण.

चित्रपट चार मध्यरात्री चालला.
लोक हसले. भुताच्या मागे भिंतीवर
पंखा धरलेला माझा कोपर दिसत होता.
तीही हसली, तोंडावर हात ठेवून,
पण पडद्यावर फोटो आला तेव्हा
हात तसाच राहिला.

काल हुंग होमला तिला पोचवायला गेले.
मधली तीसेक वर्षं आम्ही भेटलो नव्हतो.
दालनात कागदी घर, कागदी मोटार, कागदी नोकर,
आणि मधोमध, पांढऱ्या फुलांत
माझी पावडर. माझे मोती.
म्हातारीच्या जागी त्रेचाळीस वर्षांची बाई
थेट माझ्याकडे बघत होती.
मुलगी म्हणाली, 'आईनेच काढून ठेवला होता.
कुठे काढलाय, आम्हाला माहीत नाही.'
मी सांगणार होते.
तीन वेळा वाकले, आणि तिसऱ्यांदा वाकताना
मला हसू आलं,
लाल कापडाखाली नसलेलं डुक्कर आठवून.

निघताना पांढरं पाकीट मिळालं:
एक नाणं, एक खडीसाखरेची गोळी.
नाणं घरी न्यायचं नसतं, गोळी वाटेत संपवायची.
बसमध्ये मी ती चघळत बसले.
डावा कान उगाच खाजत होता.