रॅकमधली रिकामी घरं

अक्कलकोट रोडला, पूर्वी जिथं सूत रंगवायचे
तिथं आता आमच्या पतसंस्थेचं डेटा सेंटर आहे.
सेंटर म्हणजे एक खोली, तीन रॅक, दोन एसी
आणि मी.
फरशीवरचा जांभळा डाग अजून निघत नाही.

एप्रिलची अठ्ठावीस. बाहेर चव्वेचाळीस.
रॅकच्या तोंडाशी चोवीस पाहिजे, काटा एकतीसवर.
मी तर शहाणपणच केलं होतं:
सर्व्हर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून
दर दोघांमध्ये एक घर मोकळं सोडलेलं,
गच्चीवर आपण अंथरुणं टाकतो तसं,
एकाची वाफ दुसऱ्याला लागू नये.
दोन वाजता चौथ्यानं पंख्याचा सूर चढवला,
मग सातव्यानं,
मग सगळी रांगच रडायला लागली.

राजेशम गुर्रम आले. एसीचं काम करतात,
त्याआधी एकवीस वर्षं मिलमध्ये, हवेत दमटपणा ठेवण्याच्या कामावर.
तिथं हवा कोरडी झाली की धागा तुटायचा,
इथं दमट झाली की मशीन.
दोन्हीकडं शिव्या मलाच, म्हणाले.

त्यांनी खिशातून सुताचा एक धागा काढला.
वीतभर. पांढरा. उलट्या पेनच्या टोकाला बांधला
आणि रॅकपुढं धरला, जणू
तापलेल्या पोराच्या नाकापुढं बोट.

सर्व्हरसमोर धागा आत ओढला गेला.
बरोबर.
मोकळ्या घरासमोर
धागा उलटा फिरला, आमच्या अंगावर.
मामांनी पुन्हा धरला. पुन्हा तेच.
मागून टाकलेली गरम हवा
माझ्याच सोडलेल्या जागेतून पुढं येत होती
आणि तीच बिचारी मशीनं परत पीत होती.

"काय बे पोरी, दार उघडं टाकून घर थंड करती काय?"

मी म्हटलं, श्वास घ्यायला जागा ठेवली.
"श्वास पुढून घेतात, मागं सोडतात.
मधल्या भोकातून नाही घेत. सूत खोटं बोलत नाही."

लोखंडी पट्ट्या पुण्याहून येणार, मंगळवारी.
तोवर आम्ही चादरीच्या खोक्याचे पुठ्ठे कापले,
एकोणीस इंच लांब, पावणेदोन इंच उंच,
एकेका घराला एकेक झाकण.
एका पुठ्ठ्यावर आलं "डबल", दुसऱ्यावर "बेड",
तिसऱ्यावर मोराचं अर्धं शेपूट.
मामा म्हणाले, पुठ्ठा पेट घेतो, चार दिवसांवर ठेवायचा नाही.
मी वहीत लिहिलं. लाल पेननं.

एकतीस. एकोणतीस.
चहा आला, शेंगाचटणी न् कडक भाकरी आली.
सव्वीस.
सव्वासहाला चोवीस, आणि पंखे
एकामागून एक खाली बसले.
कुणी मांडीवरनं मूल उतरवून ठेवावं, तसं.

त्या मशीनांत काय आहे, मला माहीत आहे.
वीस-वीस रुपयांची पिग्मी,
विडी वळणाऱ्या बायकांची, अंगठ्यासकट.

संध्याकाळी मागच्या बोळात गेले.
बाहेरचे दोन डबे घरघरत होते.
समोर पत्र्याची खोली, खिडकीला जुनी चादर ठोकलेली.
लक्ष्मीबाई आडम सूप मांडीवर घेऊन बसलेल्या.
म्हणाल्या, सकाळी पानं भिजवली
की दुपारी कुरकुरीत. वळताना फाटतात.
हजार विड्यांत शंभर जातात, माल घेणारा परत देतो.
भांडल्या नाहीत. नुसतं सांगितलं.

मामांचा धागा माझ्या मुठीत राहिला होता.
का कोण जाणे, डब्यापुढं धरला.

तो ताठ उभा राहिला, काठीसारखा,
थेट त्या चादरीकडं बोट करून,
आणि मी हात खाली घेतला तरी
काही वेळ
तसाच दिसत राहिला.