चुक्की

डिसेंबर लागला की माझ्या पडवीत
कुंद्याचे खोके साठायला लागतात.
बेळगावला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवते,
गोड तुम्ही खा, पुठ्ठा तेवढा मला आणा.
तूप मुरलेला पुठ्ठा कात्रीला मऊ जातो
आणि चांदणी कापली तरी वास सोडत नाही.

दुपारी चार पोरं असतात माझ्याकडं.
मोठ्यात मोठं साडेतीन वर्षांचं.
आया कामावर. एक दवाखान्यात,
एक कौलांच्या कारखान्यात,
एक खानापूर स्टँडवर केळी विकते.
चौथीचं नाव काढलं की तिचं पोर रडतं,
म्हणून काढत नाही.

खळ मीच शिजवते, मैद्याची.
दुकानातला डिंक नको, रोझलिन खाते.
खळही खाते,
पण मग निदान जेवल्यासारखं होतं.

कुंभारांकडून लाल माती येते, ओल्या गोणपाटात.
गाय करूया, म्हटलं.
तन्झीमनं लांब वळला : साप.
जोतिबानं गोल वळला : लाडू.
रोझलिननं तो लाडू दाताखाली तपासला.
गोठ्यात साप नसतो गं, म्हटलं,
आणि मग आठवलं, आमच्या गोठ्यात असायचा.
ठेवला. बाळाच्या पायथ्याशी,
पण जरा लांब.

बर्फ म्हणजे काय, पोरांना माहीत नाही.
मलाही नाही.
पहाटे मलप्रभेवर धुकं बसतं, तेवढं पाहिलंय.
म्हणून कापूस आम्ही झाडावर लावत नाही,
खाली पसरतो, निळ्या कागदाच्या नदीवर.

झाड हातांचं. हिरवा रंग तळव्याला फासायचा
आणि थापायचा कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर.
घरात दोन कॅलेंडरं, एक मराठी, एक कन्नड;
तारीख दोन्हींत एकच, एवढं बरंय.
यंदा घाईत मी नोव्हेंबर समजून
डिसेंबरच फाडला.
नाताळ आता झाडाच्या आत आहे,
आठ तळव्यांच्या मागं.
उजेडाला धरलं तर
पंचवीसचा आकडा उलटा दिसतो.

ईरण्णा नवीन. बैलहोंगलचा.
दीड महिना झाला, तोंड उघडलेलं नाही.
त्याला पुठ्ठा दिला, बोथट कात्री दिली,
पाच टोकं पेन्सिलीनं काढून दिली.
आधी त्यानं रेघ सोडून कापलं,
मग रेघच कापून टाकली.
उरलं ते तीन टोकांचं,
त्यातलं एक रोझलिननं चावलेलं.
ते माझ्यापुढं धरून तो म्हणाला,
"चुक्की."

चुकी कसली रे राजा, असू दे,
छान झालंय की.
त्यानं मान हलवली. "चुक्की."
नाही रे, चुकी नाही.
"चुक्की!"
आणि ओठ थरथरायला लागले त्याचे.
मी जितकी माफ करत गेले
तितका तो रडत गेला.

साडेपाचला महानंदा आली, दवाखान्याची पिशवी खांद्याला,
दारातच ऐकलं तिनं, आणि चप्पल न काढता हसली :
"मावशी, चांदणी म्हणालाय की तो.
आमच्यात चुक्की म्हणतात चांदणीला."

तीस वर्षं या बाजारात भाजी घेतली मी,
दोन्ही भाषांत घासाघीस केली.
आकडे सगळे येतात, शिव्या तर येतातच.
आकाशाचं काम
कधी पडलं नव्हतं.

रात्री दोरा ओवायला बसले,
तर वरचं टोक कुठलं ते कळेना.
शेवटी चावलेल्या टोकाला भोक पाडलं,
ते आधीच अर्धं पडलेलं होतं.
टांगली बल्बाखाली.

निजायच्या आधी बघते तर
मुंग्या निघालेल्या, तुपाच्या वासानं,
उंबऱ्यावरून, भिंतीवरून, वाशावरून, दोऱ्यावरून,
एकामागं एक, तिच्याकडं.

खडू आणायला उठले.
हातात घेतला,
आणि रेघ काही ओढली नाही.