ओहोटी

फ्रिजमधून दूध काढायलाही
दोरिंदा आता लोकरी हातमोजे घालते.
चाळीस वर्षं जानेवारीच्या खाडीत
उघड्या हातांनी तिसऱ्या वेचल्या तिने;
किमोपासून पेलाभर गार पाणी
सुयांसारखं टोचतं.

पोंतेवेद्राच्या इस्पितळात फॉर्म देतात:
गेल्या आठवड्यात रोजच्या कामात अडचण आली का?
मुळीच नाही, थोडी, बरीच, फार.
ती नर्सला विचारते, रोजचं म्हणजे कुठलं?
गुंड्या आमारो लावून देतो.
भांडीही तोच घासतो, कशीतरी.
ती ‘थोडी’वर खूण करते. खोडते.

पाणी ओसरलं की बायका चिखलात उतरतात.
तिचं दाताळं भाचीकडे आहे,
पोरगी भलतीकडेच खणते.
खिडकी उघडायची सोय नाही, वारा झोंबतो.
काचेआडून ती बोट दाखवते:
अगं, डावीकडे!

बोट काचेला लागतं. चटका.
डावीकडे, बये.